आजोबा कोंडवाड्यात

...आणि वर मलाच विचारतात हो, 'काय विश्राम, आजोबा कसे आहेत?' आता ज्याचा आजा वारून तिसरं वर्ष लागलंय त्याला भर बाजारात कुणी असं विचारावं? बरं, विचारणारा एखादाच असता तर समजलो असतो... पण भाजीवाली विचारते, पानवाला विचारतो, पोस्टमन पत्र हातात ठेवायच्या आधी विचारतो, 'आजोबांची तब्येत बरी ना? काल जरा लंगडत होते म्हणे.' आणि मला उत्तर द्यावं लागतं. 'बरे आहेत. खुरात खडा रुतलेला, काढला.' खुरात. माझ्या आजोबांच्या खुरात. लाज वाटते हो सांगायला... पण तुम्ही अडकलाच आहात इथे, रस्ता काही इतक्यात मोकळा होत नाही, तर सांगतो. टांगेवाले, तुम्हीही उतरा खाली, घोड्याला जरा सावलीत घ्या. सायकलवाले, घंटी वाजवू नका, तिचा काही उपयोग होत नाही, मी वाजवून बघितलीय.

तर मी विश्राम. विश्राम गुणाजी भोईर, बी. ए. नाव विश्राम, पण पायाला भिंगरी, असं आई म्हणते. इथे ठाण्याच्या बाजारपेठेत मिठाचं दुकान आहे ना, दारात पोती उभी असतात आणि मालक दिवसभरात चार शब्द बोलतो, ते गुणाजी भोईर माझे बाबा. आम्ही मूळचे कोलशेतचे, आगरी, खाडीकाठी मीठ पिकवण्यात पिढ्या गेल्या. बाबांनी बाजारात दुकान टाकलं, मला मुंबईला कॉलेजात घातलं, आणि मी शिकून परत आलो तो काय घेऊन आलो? एक पदवी, खादीचे दोन सदरे आणि मतं. प्रत्येक गोष्टीवर एक मत. तुम्ही नुसतं 'गटार' म्हणा, मी अर्धा तास बोलू शकतो. शकायचो.

कारण तुम्हीच सांगा, स्वराज्य आलं, पंचवार्षिक योजना आली, देश धरणं बांधायला निघाला, आणि आमच्या गल्लीत केळ्याची साल कुठे टाकतात? कचऱ्याच्या पेटीशेजारी. पेटीत नाही, शेजारी. पेटी आतून लख्ख आणि भोवती उकिरडा, जशी काही पेटीला प्रदक्षिणा घातलीय. आणि तोंडाने काय, तर 'म्युनिसिपालटी काही करत नाही.' गटारात चुलीची राख ओततील आणि म्हणतील, गटार तुंबलं, म्युनिसिपालटी झोपलीय. नळ उघडा टाकून जातील आणि संध्याकाळी रिकामी घागर घेऊन म्हणतील, पाणी नाही, म्युनिसिपालटी चोर आहे. अहो, म्युनिसिपालटी म्हणजे कोण? आकाशातून पडलेली बाई आहे का? तुम्ही, मी, आपण सगळे मिळून जे होतं ना, ती म्युनिसिपालटी. असं मी म्हणायचो. तलावपाळीवर उभा राहून, भोंग्यातून.

हो, भोंगा. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून केलेला. त्याचं असं झालं, मी एक सिद्धांत काढला. दंडाला कुणी भीत नाही. दंड भरतात आणि पुन्हा येऊन तेच करतात, वर म्हणतात पैसे भरलेत. माणूस भितो एकाच गोष्टीला, ती म्हणजे लाज. चारचौघांत नाव घेतलं की माणूस सुधारतो. म्हणून मी मंडळ काढलं, नागरिक कर्तव्य मंडळ. सभासद दोन. एक मी, दुसरा पोपट, कोपऱ्यावरच्या शिंप्याचा मुलगा. माझा आवाज मोठा म्हणून मी अध्यक्ष, त्याचा बारीक म्हणून तो चिटणीस. दर रविवारी संध्याकाळी मासुंदा तलावाच्या पाळीवर, लोक हवा खायला येतात त्या वेळी, भोंग्यातून नावं पुकारायची. 'अमुक गल्लीतले तमुक, उष्ट्या पत्रावळी रस्त्यावर. अमुक चाळ, दुसरा मजला, गॅलरीतून पाणी खाली.' मालकाने जनावर मोकाट सोडलं आणि ते कोंडवाड्यात गेलं, तर सोडवून नेणाऱ्याचं नाव बापाच्या नावासकट, तीन वेळा. हा नियम मी केला. मीच केला, लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या रविवारी लोक गप्प बसले. दुसऱ्या रविवारी गर्दी झाली. मला वाटलं, जागृती. तिसऱ्या रविवारी भेळवाल्याने आपला ठेला उचलून आमच्याशेजारी आणला, तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. आमच्या समोरच्या रखमाबाई मला जिन्यात अडवून म्हणाल्या, 'का रे विश्राम, त्या शेजारणीचं नाव दोनदा घेतलंस, आमचं एकदासुद्धा नाही? आम्ही काय कमी कचरा टाकतो?' आता याला काय म्हणावं?

आणि त्यात तो बैल. बैल म्हणजे वळू. पांढरा धोट, हे एवढं वशिंड, आणि पुठ्ठ्यावर त्रिशूळ डागलेला. म्हणजे सोडलेला. तुम्हाला ठाऊकच आहे, कुणाच्या नावानं गोऱ्हा सोडला की तो कुणाचा नाही आणि सगळ्यांचा. त्याला हाकलायचं नाही, मारायचं नाही, तो खाईल ते खाऊ द्यायचं. हा पठ्ठ्या सकाळी भाजीबाजारात मुळ्याची जुडी ओढायचा आणि दुपारी यायचा सार्वजनिक नळावर. बायका म्हणायच्या, 'बाबा आले, घागरी बाजूला घ्या.' तो थेट नळाखाली तोंड लावायचा. त्याचं पोट भरेपर्यंत नळ बंद करायचा नाही, पाप लागतं. पोट भरलं की तो निघून जायचा. आणि नळ? नळ बंद करणं कुणाच्याच धर्मात बसत नव्हतं. वाहायचा आपला. पाणी गटारात, गटार रस्त्यावर, आणि रांगेतल्या बायका कमरेवर हात ठेवून, 'म्युनिसिपालटी बघा कशी पाणी वाया घालवते.'

माझं डोकं फिरलं. वर घरी काय, तर तोच बैल रोज सकाळी आमच्या दुकानापुढे उभा आणि माझे बाबा, शहाणासुरता माणूस, त्याला ओंजळीने मीठ चाटवतायत. मी म्हटलं, 'बाबा, मोकाट जनावराला तुम्ही लाडावता? तुमच्यासारख्या व्यापाऱ्याने असं केलं तर सामान्य नागरिकाने काय करायचं?' आणि मी त्यांना नागरिकाची सात कर्तव्यं सांगितली. बाबा ऐकत होते. बैलही ऐकत होता. शेवटी बाबा म्हणाले, 'हं.' आणि त्याच्या वशिंडावरून हात फिरवला. त्या बैलाला सोडलं कुणी, कधी, तो आला कुठून, हे मी एका शब्दाने विचारलं का? कशाला विचारू? मत होतं ना.

गेलो म्युनिसिपालटीत. तुम्हाला वाटेल आता मी सांगणार, साहेब जागेवर नव्हते, शिपायाने उद्या या म्हटलं. तसलं काही झालं असतं तर किती बरं झालं असतं हो. या प्रकरणात म्युनिसिपालटीने तक्रारीला एक जागा ठेवली नाही. साहेब जागेवर होते. मला खुर्ची दिली. म्हणाले, 'भोईर, कोंडवाडा आहे, दोर आहे, माणसं आहेत, पण सोडलेल्या बैलाला हात लावायला आमची माणसं धजत नाहीत. नागरिकांनी साथ दिली तर आत्ता करू.' आता, नागरिक म्हणजे कोण? मी ताडकन उभा राहिलो.

मग काय, चार माणसं, दोर, मी पुढे, पोपट मागे भोंगा घेऊन. बैल नळाजवळ बसलेला. ती माणसं लांबूनच हात जोडून उभी. एकाने दोर टाकला तर बैलाने नुसतं फुस्स केलं, आणि चौघं चार दिशांना. मग मी पुढे झालो. मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. आणि तुम्हाला सांगतो, तो उठला. मान खाली घातली, माझ्या सदऱ्याला नाक लावलं आणि मुकाट्याने माझ्यामागून चालायला लागला. दोर नाही, काठी नाही. सगळा बाजार बघतोय, बायका तोंडावर पदर धरून उभ्या, आणि मी पुढे, बैल मागे, थेट कोंडवाड्यापर्यंत. दौलत म्हणून तिथला रखवालदार आहे, त्याने फाटक उघडलं आणि माझ्या पायाकडे बघत म्हणाला, 'कमाल आहे साहेब.' मला वाटलं, हेच ते चारित्र्याचं तेज. पुस्तकात वाचलेलं, ते हेच. मी निघताना साहेबांना वर बजावून आलो, 'मालक समोर येऊन "हा माझा" म्हणेपर्यंत जनावर सोडायचं नाही. कुणाची रदबदली ऐकायची नाही. मुदतीत कुणी आलं नाही तर नियमाप्रमाणे सरळ लिलाव.' साहेब म्हणाले, 'अगदी नियमाप्रमाणे.' लाज वाटते हो सांगायला, पण त्या दिवशी मी घरी शीळ वाजवत गेलेलो.

रात्री जेवायला बसलो. आई वाढतेय, बाबा जेवतायत, आणि मी सांगतोय, तेज वगैरे. बाबांनी विचारलं, 'कुठला बैल?'

'तोच, त्रिशूळवाला. तुम्ही मीठ घालता तो.'

बाबांनी उचललेला घास ताटात परत ठेवला. आईच्या हातातला डाव तसाच आमटीच्या पातेल्यावर. आणि बाबा म्हणाले, 'विश्राम, तो तुझा आजा आहे.'

आता तुम्ही हसाल. हसा. मीही आधी हसलो. मग आईने डोळ्याला पदर लावला तेव्हा थांबलो. झालेलं असं, की आमचा आजा राघो भोईर, कोलशेतच्या घरी, शेवटच्या आजारात अडकला. जीव जात नव्हता. गावात म्हणतात ना, कशात तरी जीव गुंतलाय. सगळे विचारतायत, बाबा काय पाहिजे, कुणाला बघायचंय, आणि तो बोलत नाही, नुसता हात उचलून फाटकाकडे दाखवतो. फाटकाशी बांधलेला होता पांढरा गोऱ्हा. माझी गोदाआत्या, बाबांची थोरली बहीण, तिने ठरवलं, म्हाताऱ्याचा जीव गोऱ्ह्यात आहे. डाग दिला, बाबांनी, आईने आणि तिने हात लावला, म्हाताऱ्याच्या नावानं गोऱ्हा सोडला, आणि संध्याकाळपर्यंत म्हातारा गेला. सुखाने गेला. मी तेव्हा मुंबईला होतो, परीक्षा होती. मला कळलं ते एवढंच, की आजा वारला. गोऱ्हा पुढे मिठाच्या गाड्यांमागून चाटत चाटत कोलशेतहून ठाण्याला आला, वाढला, वळू झाला, आणि बरोबर आमच्या दुकानापुढे येऊन उभा राहिला. सगळ्या पेठेला माहीत. बायका त्याला 'बाबा' म्हणायच्या ते देव म्हणून नाही हो, राघोबाबा म्हणून.

मी म्हटलं, 'मग मला सांगितलं का नाहीत?'

बाबा म्हणाले, 'तू विचारलंस कुठे? तू सांगत होतास.'

मी म्हटलं, 'पण तो माझ्यामागून आला. त्याला माझं...'

'मीठ,' बाबा म्हणाले. 'दुपारभर पोत्यावर बसून वाचतोस. सदरा खारट होतो तुझा.'

तेज गेलं. मीठ राहिलं.

बरं, इथे संपलं असतं तरी निभावलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडवाड्यापाशी जातो तो फाटकाला टेकून गोदाआत्या बसलेली. रात्रीच मिठाच्या गाडीवाल्याने बातमी नेली, तशी कोलशेतहून पायी आलेली, लुगड्याचा काचा वर खोचलेला, पाय मिठागरात उभे राहून राहून पांढरे पडलेले, आणि आवाज... खाडीच्या या तीरावरून त्या तीराला हाक मारायची सवय असलेला आवाज. दौलतला सांगत होती, 'माजा बाप हाय रं आतमंदी. त्याला पानी दाखवलास क नाय? त्याला सावलीत बांद. त्याला ऊन सोसत नाय, पयल्यापासना सोसत नाय.' आणि दौलत बिचारा 'हो आजी, हो आजी' म्हणत आत छपराखाली बैलाला सरकवतोय.

भोवती ही गर्दी. आणि तेवढ्यात साहेब सायकलवरून उतरले. मला बघून म्हणाले, 'या भोईर. ही बाई कोण? ओळखीची आहे का तुमच्या?'

आणि मी... इतका वेळ 'लाज वाटते, लाज वाटते' म्हणतोय ना, ती बैलाची नाही हो. बैलाचं काय, सवय होते. ती याची. मी त्या लुगड्याकडे बघितलं, त्या पायांकडे बघितलं, माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघितलं, आणि म्हणालो, 'नाही. कुणी खेड्यातली दिसते.'

तिने ऐकलं. कानाने तिखट आहे ती. मला वाटलं, आता उठेल आणि सगळ्या बाजारासमोर माझ्या कानाखाली काढेल. काढली असती तर बरं झालं असतं. तिने काय केलं ठाऊक आहे? तिने काचा सोडून लुगडं घोट्यापर्यंत खाली केलं, आवाज बारीक केला आणि साहेबांना म्हणाली, 'नाय ओ सायेब. यो शिकलेला पोरगा मना कुठशी वलखंल?'

मला सांभाळून घेतलं. चारचौघांत. मी भोंगा घेऊन लोकांची नावं पुकारतो, आणि ही बाई...

साहेबांनी नियम सांगितला. मालकाने यावं, सर्वांदेखत माझा म्हणावं, दंड भरावा, पुन्हा मोकाट सोडणार नाही असं कबूल करावं, आणि न्यावा. नाहीतर शनिवारी लिलाव. लिलावाला माणूस आधीच येऊन गेलेला. शीळफाट्याकडे दगडाच्या खाणी आहेत, तिथला गाड्यांचा ठेकेदार. त्याने कुंपणावरून बैल न्याहाळला, दात बघितले आणि दौलतला म्हणाला, 'खच्ची करून गाडीला जुंपला तर दोन पावसाळे सहज ओढेल.' दोन पावसाळे. पुढे काय, ते तो बोलला नाही आणि दौलतने विचारलं नाही. आत्याने मात्र ऐकलं आणि फाटकाच्या दांड्याला पदराची गाठ मारून बसली.

मी घरी धावलो. 'बाबा, चला, माझा बैल म्हणा आणि आणू त्याला.' बाबा म्हणाले, 'मला म्हणता येत नाही. मी हात लावून सोडलाय. दिलेलं परत घेतलं तर दान फिरतं.' आई बाहेर येऊन म्हणाली, 'मीही म्हणणार नाही, मी त्यांच्याबरोबर पाणी सोडलंय.' मी तर्क लढवला. म्हटलं, हे अज्ञान आहे, बैल हा बैल आहे, आत्मा वगैरे... बाबा म्हणाले, 'हं.' तुम्हाला सांगतो, त्या 'हं'पुढे आमच्या कॉलेजातले सगळे प्रोफेसर उभे केले तरी टिकणार नाहीत.

आणि बघा पेच. परत मागितला तर म्हातारा वाटेत अडकणार, नाही मागितला तर म्हातारा दगड ओढणार. आणि नियमात फट कुठे नाही, कारण फटी बुजवून आलेला कोण? मी.

दुपारी आईने भाकरी बांधून दिली, ती घेऊन आत्याकडे गेलो. उन्हात बसलेली. गर्दी पांगली होती, म्हणून मी जवळ जाऊन बसलो. गर्दी पांगली होती म्हणून... हेही ऐकून ठेवा. तिने भाकरी मांडीवर ठेवली, सोडली नाही.

मी म्हटलं, 'आत्या, तू तरी म्हण. तुझा बाप ना तो?'

'म्हनूनशी तं म्हनत नाय.' बैल आतून छपराखालून आमच्याकडे बघत होता. मग म्हणाली, 'तुला सांगू क? त्यो गोऱ्ह्याला दाखवत नवता.'

'कोण?'

'बाबा. हात केलान फाटकाकडं, तं समद्यांनी म्हनला गोऱ्हा, गोऱ्हा. मना म्हाईत होता. त्यो वाट दाखवत होता. तू येशील म्हनून. तुजा बाप म्हनला, पोराची परीक्षा हाय, त्याला नको कलवू. मंग मी काय करू? म्हाताऱ्याचा जीव किती दीस टांगून ठेवू? मीच म्हनला, चल बाबा, विश्राम नाय तं गोऱ्हा. सोडला.'

माझं त्यावर मत नव्हतं. पहिल्यांदाच.

आत्या म्हणाली, 'समद्यांचा हात लागलाय. तुज्या बापाचा, तुज्या आयेचा, माजा. घरात एकाचाच नाय लागला. तू नवतास. तू सोडला नाय, तं तू घेतलास तर दान फिरत नाय.' आणि मग भाकरी सोडत म्हणाली, 'पन नको. तुजी लाज जायाची. भोंगा हाय तुजा.'

तुम्हाला वाटेल मी तिथल्या तिथे उठलो. नाही हो. मी ती सगळी दुपार आणि दुसरा सगळा दिवस हिशोब करत होतो, कुणाला पुढे करता येईल. पोपटला विचारलं, 'तू म्हणतोस का माझा बैल?' तो म्हणाला, 'म्हणेन, पण रविवारी माझं नाव पुकारणार कोण? तूच ना? बापाच्या नावासकट?' चिटणीस झाला तरी मूर्ख नाही तो.

शनिवार उजाडला. ठेकेदार दोर घेऊन आला, नवा कोरा दोर. माणसं जमली. आत्या फाटकाशी उभी, पदराची गाठ अजून दांड्याला. साहेबांनी विचारलं, 'या जनावराला कुणी मालक आहे का?' दुसऱ्यांदा विचारलं. ठेकेदाराने दोराचा फास करायला घेतला. आणि बैल... त्याने छपराखालून मान काढून फाटकाकडे बघितलं. बाकी काही नाही. मीठ आलंय का बघत असेल. पण फाटकाकडे बघितलं हो.

मी म्हणालो, 'माझा.'

साहेब म्हणाले, 'मोठ्याने.'

'हा बैल माझा आहे.'

'तुमचा? भोईर, मग या बैलाची तक्रार कुणाची?'

'माझी.'

'पकडून कुणी आणला?'

'मी.'

'आणि मालक आल्याशिवाय सोडू नका, रदबदली ऐकू नका...?'

'तेही मीच.'

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. खूप वेळ पुसला. ओठ आवळून धरलेले त्यांनी, पण खांदे हलत होते. मग विचारलं, 'आणि ही बाई?'

'माझी आत्या. गोदाबाई. सख्खी. परवा मी खोटं बोललो.'

आत्या काय म्हणाली असेल? डोळ्याला पाणी? छे. दांड्याची गाठ सोडत म्हणाली, 'आता तरी जेवाया घाल म्हनावं. त्या दीसाची भाकरी करपलेली होती.'

आणि मग रविवार. तलावपाळी फुलून गेलेली, मागे रांगेत टांगे उभे, भेळवाल्याने दुसरा ठेला भाड्याने आणलेला. पोपटने भोंगा माझ्या हातात दिला आणि जरा लांब जाऊन उभा राहिला. मी पुकारलं. 'विश्राम गुणाजी भोईर. बाजारपेठ. जनावर मोकाट.' एकदा. दोनदा. तिसऱ्यांदाही, बापाच्या नावासकट. मी मान खाली घालून उभा. म्हटलं आता हसतील, हसू देत, माझाच सिद्धांत आहे, मीच सुधारतो. पण कुणी हसलं नाही. लोक एकेक करून पुढे आले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'बरं केलंस पोरा. घरचं माणूस घरी आणलंस.' अहो, नळाचं काय, पाण्याचं काय, मोकाट जनावराचं काय? त्याबद्दल अवाक्षर नाही. रखमाबाई तर म्हणाल्या, 'बघ, शेवटी तुझं पण नाव आलं, माझंच राहिलं.' तेव्हापासून मंडळ बंद. कुणाला सांगायला जावं की बाबा रे, साल पेटीत टाक, तर तो म्हणतो, 'आधी तुझा आजा बांध.'

आणि बांधू कसा? आत्याने निघताना अट घातली, दावणीला बांधायचा नाही, म्हातारा आयुष्यात कुणाच्या दावणीला राहिला नाही. म्युनिसिपालटीची अट, मोकाट सोडायचा नाही. मी दोघांनाही शब्द दिलाय. म्हणून मग असं काढलं की दोराचं एक टोक त्याच्या गळ्यात आणि दुसरं माझ्या हातात. हे काय, हे. तो जाईल तिथे मी जायचं. सकाळी भाजीबाजार, तिथल्या मुळ्याचे पैसे मी देतो. दुपारी नळ, त्याचं पिऊन झालं की नळ मी बंद करतो. आता या पेठेत नळ बंद करणारा एकच नागरिक आहे, आणि तो बैलाबरोबर असतो. मागे शेण पडलं की ही पाटी आणि हा खराटा. टाकतो पेटीत. पेटीशेजारी नाही, पेटीत. लोक थांबून कौतुकाने बघतात, मला वाटायचं चांगल्या सवयीचं कौतुक असेल, एकदा एक म्हातारी मुलाला सांगताना ऐकलं, 'बघ, आज्याची कशी सेवा करतोय.' साहेब सायकलवरून जाताना टोपीला हात लावतात. बी. ए. झाल्याचा फायदा एवढाच, की हाक मारताना लोक 'विश्रामराव' म्हणतात.

काय म्हणता, उठवा त्याला? अहो, तेच तर इतका वेळ सांगतोय. रस्त्याच्या मधोमध आडवा बसलाय तो आणि माझ्या हातात दोर आहे, मला दिसत नाही का? दोन्ही बाजूंनी टांगे, हातगाड्या, तुम्ही सगळे खोळंबलात, माझ्यामुळे, भर बाजारात, आणि आत्ता या क्षणी तुम्ही माझ्याबद्दल जे म्हणताय ते मी स्वतःच भोंग्यातून म्हणत होतो. ओढून बघितला, मीठ दाखवून बघितलं, सदरा काढून त्याच्या नाकापुढे धरून बघितला. आत्याला निरोप धाडून विचारलं तर ती म्हणाली, 'ऱ्हाऊ दे. त्यानं तुजी वाट बघितली, तवा तू नाय आलास.'

म्हणून बसलोय. लाज वाटते हो... पण बसा तुम्हीही. उठला की सांगतो.